लेडी’ज टेलर, १२ टॉवेल’स आणि प्रिन्सिपल्स’ मेसेज : पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या वरच्या कॉमाचा इलाज

पत्रिका असो, फ्लेक्स असो की टॉवेलच्या खोक्यावरचा मजकूर, इंग्रजीतली एक चूक अशी आहे की आज काढली तरी उद्या पुन्हा हजर. स्पेलिंग बरोबर, वाक्य बरोबर, आणि शेवटच्या एस अक्षराजवळ तो वरचा कॉमा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, भलतीकडे बसलेला. डझनाच्या खोक्यावर “१२ टॉवेल’स”. शाळेच्या फलकावर “पेरेंट’स मीटिंग”, जणू एकाच पालकाला बोलावलंय. शिलाईच्या दुकानावर “लेडी’ज टेलर”, म्हणजे गावातल्या एकाच बाईचे कपडे शिवून मिळतील. आणि जिथं तो कॉमा खरंच लागतो, त्या “टू डेज लीव्ह”च्या अर्जात तो नेमका गायब.

माझं काम सोलापुरात डीटीपी करण्याचं, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवण्याचं, आणि प्रूफ बघण्याचं. गिऱ्हाईक निम्मं शाळा-कॉलेजांचं, निम्मं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कापडवाल्यांचं. दोघांचीही चूक एकच आणि दोघांचाही उपाय एकच: “अंदाजानं टाका की ओ, कोण बघतंय.” खोकी परदेशात जातात तेव्हा बघणारे असतात.

वाचण्याआधी एक खूण लक्षात ठेवा. इंग्रजी शब्द इथं देवनागरीतच लिहितोय. एस हे अक्षर कधी स ऐकू येतं, कधी ज. त्याच्या आधी किंवा नंतर ’ हे चिन्ह जिथं दिसेल, इंग्रजीतही ते तिथंच द्यायचं. टीचर्स म्हणजे नुसते अनेक शिक्षक, टीचर’स म्हणजे एका शिक्षकाचं, टीचर्स’ म्हणजे अनेक शिक्षकांचं.

मूळ बिघाड कुठं आहे

हे तिन्ही शब्द मोठ्यानं म्हणून बघा. आवाजात काडीचाही फरक नाही. बॉईज, बॉय’ज, बॉईज’ सगळं सारखंच. आपण इंग्रजी बरंचसं कानानं शिकलो, त्यामुळं हात कानाचं ऐकतो, आणि कानाला इथं काही कळतच नाही. इंग्रजी ज्यांची आईची भाषा आहे तेही याच खड्ड्यात पडतात. तिकडे फळभाजीवाल्यांच्या पाट्यांवर “ॲपल’स” असं इतकं दिसतं की त्या चुकीचं नावच ग्रीनग्रोसर’स अपॉस्ट्रॉफी पडलं. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं २००१ मध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि २०१९ मध्ये हात टेकून बंद केली. तेव्हा आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे होतं, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

आपल्याकडे उलट एक सोय आहे. मराठीत हा फरक ऐकूही येतो आणि दिसतोही. मुलाचं आणि मुलांचं. शिक्षकाची आणि शिक्षकांची. शेतकऱ्याचा आणि शेतकऱ्यांचा. मधला अनुस्वार सांगतो की मालक एक आहे की अनेक. इंग्रजीत कॉमाची जागा जे सांगते तेच हा अनुस्वार सांगतो. म्हणून आमच्याकडे ऑपरेटर पोरगं विचारतं, “सर, हे कॉमा एसच्या आधी देऊ का नंतर?”, तेव्हा उत्तर द्यायचं नाही, उलटं विचारायचं: “मराठीत म्हण बघू. पालकाची सभा का पालकांची?” पोरगं म्हणतं, “पालकांची.” अनुस्वार आला, एसनंतर कॉमा. पेरेंट्स’ मीटिंग. “मुलींचं वसतिगृह?” गर्ल्स’ हॉस्टेल. “माझ्या बहिणीचं लग्न?” बहीण एक, माय सिस्टर’स वेडिंग.

मराठीत “चा-ची-चे” येतच नसेल तर कॉमाचा प्रश्नच उरला नाही. “बारा टॉवेल” यात कुणाचं काही नाही, फक्त संख्या आहे. टॉवेल्स. बस्स. खोक्यांवरच्या बहुतेक चुका एवढ्यानंच जातात. नुसत्या अनेकवचनाला कॉमा लागत नाही. मग ते पीडीएफ्स असोत, एमएलएज असोत की आकड्यात लिहिलेलं नाइन्टीज.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण त्यांच्या घरी तेलुगू असते. पिल्ललु म्हणजे मुलं, पिल्लल म्हणजे मुलांचं. कन्नड घरात मक्कळु आणि मक्कळ. आधी अनेकवचन झालं, मग त्याच्या शेपटाला मालकी लागली. इंग्रजीची चाल हीच आहे. ज्याला जी भाषा घरात येते तिच्यात वाक्य म्हणून बघावं.

अनुस्वार दगा कुठं देतो

अनुस्वार बघून निकाल दिला आणि तरी चुकलं, असं दोन-तीन ठिकाणी हमखास होतं. सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपला आदर. स्मरणिकेत “प्राचार्यांचे मनोगत” असतं. मराठीत अनुस्वार आहे, म्हणून इंग्रजी पानावर “प्रिन्सिपल्स’ मेसेज” छापून येतं. कॉलेजला प्राचार्य एकच, पण पान सांगतं चार-पाच जणांनी मिळून लिहिलंय. “अध्यक्षांचे भाषण”, “डॉक्टरांचा दवाखाना”, “सरांचा सत्कार”, सगळीकडे तोच घोळ. आपण एकाच माणसाला मानानं अनेकवचनात बोलावतो, इंग्रजीला तो मान कळत नाही. इलाज सोपा: अनुस्वार दिसला की डोकी मोजा. प्राचार्य एक, म्हणून प्रिन्सिपल’स मेसेज. संस्थेचे विश्वस्त सात, म्हणून ट्रस्टीज’ मीटिंग.

दुसरी जागा जोडशब्दांची. शिक्षक दिन, बालदिन, महिला मंडळ. यात ना चा आहे ना अनुस्वार. शब्द फोडून बघा: शिक्षकांचा दिवस, बालकांचा दिवस, महिलांचं मंडळ. फोडल्यावर अनुस्वार आपोआप बाहेर येतो.

तिसरी जागा आपल्या बोलण्याची. “दोन दिवसाची रजा”, “दहा वर्षाचा अनुभव” असं आपण सरसकट बोलतो आणि अर्जातही तसंच लिहितो. नीट लिहायचं तर दिवसांची आणि वर्षांचा. मराठीतला अनुस्वार आधीच गळाला तर इंग्रजीतला कॉमा शोधायचा कुठून? वन डे’ज लीव्ह, टू डेज’ लीव्ह, टेन इयर्स’ एक्सपिरियन्स. काळाला मालक कसा म्हणता, असं बरेच जण विचारतात. इंग्रजी म्हणते, एवढं पुरे. ते पटत नसेल तर “टेन इयर्स ऑफ एक्सपिरियन्स” लिहा, कॉमाची कटकटच नको.

“एक लेडीज आली होती”

शिलाईच्या बोर्डांवरची चूक मात्र वेगळ्या मुळातून येते आणि ती सगळ्यात चिवट आहे. आपण मराठीत इंग्रजीची अनेकवचनं उचलली आणि एकवचनं करून टाकली. “एक लेडीज आली होती.” “एक जेंट्स आत बसलाय.” “एक शूज सापडंना.” मराठी म्हणून त्यात चूक काहीच नाही, शब्द आपला झाला. पण बोर्ड इंग्रजीत लिहायची वेळ आली की डोक्यात लेडीज हा मूळ शब्द असतो आणि त्यातल्या शेवटच्या एसच्या आधी कॉमा खुपसला जातो. मग तयार होतो “लेडीइ, कॉमा, एस” असा शब्द. इंग्रजीत “लेडीइ” नावाचं काही नाहीच.

म्हणून माझा नियम असा: कॉमाचा विचार करण्याआधी मालक पूर्ण लिहून काढायचा. एल-ए-डी-वाय, लेडी, एक. अनेक झाल्या की वाय जातो आणि आय-ई-एस येतं, लेडीज. आता ठरवा कोण पाहिजे. जो शब्द पाहिजे तो अख्खा लिहा, पेन उचला, त्याच्या शेवटी कॉमा द्या. मग बघा: अनेकवचनाचा एस आधीच आहे का? असेल तर थांबा. नसेल तर कॉमानंतर एस लावा. बस, एवढंच यंत्र आहे. कॉमा शब्दाच्या पोटात कधीच शिरत नाही, तो नेहमी पूर्ण मालकाच्या पाठीला चिकटतो.

हे यंत्र वेड्यावाकड्या अनेकवचनांनाही चालतं. चिल्ड्रेन हा शब्द अनेकवचनी आहे पण शेवटी एस नाही, म्हणून चिल्ड्रेन’स डे. मेन, म्हणून मेन’स वेअर. “मेन्स’” असं कापडाच्या टॅगवर दिसतं, ते कधीच बरोबर नसतं. ८ मार्चचे फ्लेक्स आले की मी कॉमा बघतच नाही, शेवटच्या एनच्या आधीचं अक्षर बघतो. तिथं ए असेल तर एक बाई, ई असेल तर सगळ्या. आंतरराष्ट्रीय महिला दिनाला ई, म्हणजे विमेन’स डे. कॉमाची जागा दोन्हीकडे तीच, त्यामुळं नजर चुकते.

नातेवाईकांचं थोडक्यात: एकापेक्षा जास्त सुना असतील तर एस डॉटरला लागतो, डॉटर्स-इन-लॉ. पण सुनेचं काही असेल तर कॉमा शेवटी, डॉटर-इन-लॉ’ज. दोघा भावांचं एकच दुकान असेल तर दुसऱ्याच्या नावालाच कॉमा-एस. दुकानं वेगवेगळी असतील तर दोघांनाही.

चा आहे, पण मालक नाही

कापडवाल्यांच्या मजकुरात उलटी चूक होते. “सोलापूरची चादर” म्हणजे “सोलापूर’स चादर” करायचं का? “कापसाचा टॉवेल”, “पाचशे रुपयांची चादर”, “नऊवारी साडी” यांचं काय?

मराठीचा चा फार कामाचा माणूस आहे. मालकी दाखवतो, गाव दाखवतो, कशाचं बनलंय ते सांगतो, किंमत सांगतो. इंग्रजीतला कॉमा-एस इतकी कामं करत नाही. परीक्षा अशी: चा काढून “च्या मालकीचा” घालून बघा. “कापसाच्या मालकीचा टॉवेल” म्हटलं की हसू येतं, म्हणजे कॉमा नाही (वर सांगितलेला काळ तेवढा सोडून). कॉटन टॉवेल. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या दोन्ही कापडी वस्तूंची नावं बघा, सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल. इंग्रजीतही नावाच्या मागं कॉमा नाही. माणसांसाठी केलेल्या गोष्टींना मात्र कॉमा चालतो: मुलांचे कपडे, चिल्ड्रेन’स क्लोद्ज, नर्सेसचं वसतिगृह, नर्सेस’ हॉस्टेल.

माप आणि किंमत नामाच्या आधी आली की आणखी एक गंमत होते. एसही जातो. नऊवारीला “नाइन यार्ड्स सारी” नाही, नाइन-यार्ड सारी. पाचशेच्या नोटेला फाइव्ह-हंड्रेड-रुपी नोट. “टू डझन्स टॉवेल्स” तर खोक्याखोक्यावर असतं. आकडा पुढं आला की डझनला एस लावायचा नाही, टू डझन टॉवेल्स.

आणि काही शब्दांना एस मुळातच सोसत नाही. फर्निचर, लगेज, स्टेशनरी, इक्विपमेंट, इन्फर्मेशन. “ऑफिस फर्निचर्स” लिहिलेला बोर्ड कितीही मोठा असला तरी चूकच. स्टाफ हा शब्दही साधारण तसाच वापरा. दहा कर्मचारी म्हणायचं तर टेन स्टाफ मेंबर्स. उलट “वन ऑफ माय फ्रेंड” मध्ये एस लागतोच, कारण अनेकांतला एक आहे: वन ऑफ माय फ्रेंड्स.

वर्षभराचे फ्लेक्स

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीतच हुतात्म्यांच्या अभिवादनाचं काम येतं. १९३० च्या मार्शल लॉनंतर सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. अभिवादनाच्या इंग्रजी ओळीत “मार्टर’स मेमोरियल” आलं की मी फाइल परत पाठवतो. हुतात्मे चार आहेत. एसच्या आधीचा कॉमा तिघांना वगळतो. मार्टर्स’ मेमोरियल. त्याच तारखेचा राष्ट्रीय युवा दिन मात्र नॅशनल यूथ डे, तिथं कॉमा नाही.

पुढचं एकदाच लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा: १ मे वर्कर्स’, १ जुलै डॉक्टर्स’, ५ सप्टेंबर टीचर्स’, १५ सप्टेंबर इंजिनिअर्स’, १४ नोव्हेंबर चिल्ड्रेन’स, २३ डिसेंबर फार्मर्स’. मदर’स डे आणि फादर’स डे यांत मात्र कॉमा एसच्या आधी. मदर’स डे सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या ॲना जार्विस यांचा तसाच आग्रह होता: प्रत्येकानं आपापल्या एका आईसाठी हा दिवस पाळावा. १९१४ मध्ये तिथल्या सरकारनं तो जाहीर केला तोही एकवचनातच.

दुकानाच्या नावांची गोष्ट निराळी. मॅकडोनाल्ड’स कॉमा लावतं, स्टारबक्स लावत नाही. क्रिकेटचं लॉर्ड’स मैदान थॉमस लॉर्ड यांचं, म्हणून तिथं कॉमा. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाचं नाव सेंट जेम्स’ पार्क आणि लंडनच्या बागेचं सेंट जेम्स’स पार्क. नावं नियमाला विचारून ठेवत नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाच्या नोंदणीच्या कागदावर जसं आहे तसंच बोर्डावर जाऊ द्या. “लेडीज टेलर” असं कॉमाशिवाय लिहिलेलंही चालतं, अनेक जण मुद्दाम तसं ठेवतात. चुकीच्या जागी देण्यापेक्षा न दिलेला बरा, असं माझं स्पष्ट मत. व्याकरणाचे शिक्षक रागावतील, रागावू देत.

दारावरच्या पाटीवर “कुलकर्णी’ज” लिहून घेणाऱ्यांना मी विचारतो, “कुलकर्ण्यांचं काय?” घरातले सगळे कुलकर्णी एवढंच म्हणायचं असेल तर द कुलकर्णीज, कॉमा नको. आडनावातला वायही बदलत नाही. रेड्डींचं अनेकवचन करताना वाय तसाच ठेवून एस लावा. व्यास किंवा दास यांच्यासारखं शेवटी एस असलेलं एकवचनी नाव आलं तर व्यास’स आणि व्यास’ दोन्ही पद्धती चालतात, फक्त एका पत्रिकेत एकच ठेवा.

इट’स आणि इट्स

इथं वरचं सगळं उलटं फिरतं, म्हणून ते वेगळं. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांच्यात मालकी आहे पण कॉमा नाही, आणि इट्स हा त्यांचाच भाऊ. इट’स म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज”, मधलं अक्षर गळाल्याची खूण. हे चिन्ह मुळात गळालेलं अक्षर दाखवण्यासाठीच आलं. जुन्या इंग्रजीतली मालकी ई-एसनं दाखवायचे, त्यातला ई गेला आणि त्या जागी कॉमा राहिला. शंका आली की वाक्यात “इट इज” किंवा “इट हॅज” घालून वाचा. “द कंपनी अँड इट इज वर्कर्स” असं वाचताना जीभ अडखळली की कॉमा काढा. मोबाइलचा कीबोर्ड इथं आपणहून कॉमा घालतो, त्यामुळं व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवताना हा एक शब्द शोधून बघाच.

सगळं बरोबर, तरी छापून चुकीचं

शेवटी यंत्राची भानगड. मजकूर तपासला, कॉमा योग्य जागी, आणि प्रूफमध्ये त्या जागी अर्धं देवनागरी अक्षर. जुन्या, युनिकोड नसलेल्या काही मराठी फॉन्टांत अपॉस्ट्रॉफीच्या जागी मराठी अक्षर बसवलेलं असतं. इंग्रजी ओळ चुकून त्या फॉन्टमध्ये राहिली की कॉमा अक्षर बनतो. ऑपरेटरला वाटतं कचरा आलाय, तो डिलीट करतो, आणि कॉमा कायमचा जातो. आधी ओळ निवडून फॉन्ट इंग्रजी करा, मग कॉमा पुन्हा टाका.

दुसरं म्हणजे कीबोर्डवर एस्केपच्या खालचं तिरकं चिन्ह. ते अपॉस्ट्रॉफी नव्हे. खरं बटण एंटरच्या शेजारी आहे. फ्लेक्सवर दोन फुटी अक्षरात हा फरक रस्त्यावरून दिसतो. पीडीएफ चारशे टक्के मोठी करा आणि प्रत्येक कॉमा इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा खाली वळलाय का बघा. इंग्रजी सहासारखा दिसला तर तो उघडणारा अवतरण आहे, बदला. मग गिऱ्हाइकाची सही घ्या, त्यानंतरच फाइल छपाईला सोडा.